बाबा जात होते आणि मी मोबाईलवर नोट्स काढत होतो

"ताई, मी ४३ वर्षांचा आहे, मुंबईच्या गिरणी संपाच्या वर्षी जन्मलेला. काळाचौकीच्या चाळीत वाढलो, आता बायको-मुलीसोबत डोंबिवलीला राहतो. वीस वर्षं पत्रकारितेत आहे, त्यातली बरीचशी हेल्थ बीटवर गेली. बाबा मिलमध्ये होते. दोन महिन्यांपूर्वी गेले, वय ७४. नऊ दिवस आयसीयूत होते. दुसऱ्या रात्री दोन वाजता डॉक्टर म्हणाले व्हेंटिलेटर लावावा लागेल, सही करा. मी केली. नंतर बाबा हातानं नळी ओढायला बघायचे म्हणून त्यांचे हात पट्टीनं बांधले होते. केईएम हॉस्पिटलमध्ये ४२ वर्षं बेशुद्धावस्थेत पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग २०१५ ला गेल्या तेव्हा मी बातमीसाठी केईएमच्या गेटवर उभा होतो, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं तेव्हा अख्खं पान लिहिलं होतं. पण घरात बसलेल्या माझ्या बापाला कधी विचारलं नाही की बाबा, तुम्हाला काय हवंय. आणि त्या नऊ दिवसांत मी उशाशी बसून मोबाईलवर नोट्स काढत होतो, याची मला आता लाज वाटते. संपादक म्हणतात रविवार पुरवणीला लिही, लोकांना उपयोग होईल. मी १८०० शब्द लिहिले पण. बहीण म्हणते बाबांचा तो अवतार जगाला दाखवलास तर तुझ्याशी बोलणार नाही. आई काहीच बोलत नाही, दहाव्याच्या दिवशी एवढंच म्हणाली की सोमवारी त्यांना फार व्हायचं. रात्री झोप लागत नाही, छातीत जरा दुखलं तरी वाटतं आता आपली पाळी. काय करू?"

बाळा, तू मला ताई म्हणालास पण माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे म्हणून बाळाच म्हणते.

पत्र तीनदा वाचलं, इथे त्यातलं थोडंच छापलंय. आधी नोट्सचं बोलू, कारण तुला तेच सगळ्यात जास्त खातंय. माझे वडील गेले त्या रात्री आई मोरीत बसून भांडी घासत होती, घासलेलीच भांडी परत परत घासत होती, शेजारच्या काकू उठवायला गेल्या तर म्हणाली थांबा गं एवढं पातेलं होऊ दे. त्यावरून तिला कोणी नावं ठेवली नाहीत. तुझे हात वीस वर्षं लिहितायत, ते त्या खुर्चीत बसून दुसरं काय करणार होते? आणि तू पाठवलेल्या नोट्समधली एक ओळ मी परत परत वाचली, 'बोटाला लावलेल्या क्लिपचा लाल उजेड नखातून दिसतोय. नख वाढलंय. उद्या कापायचं.' असं मुलगा लिहितो रे, बातमीदाराला नखाचं काय पडलंय. त्या नोट्स डिलीट करू नकोस, रागाच्या भरात तर अजिबात नको.

आता सहीचं. याबद्दल मी तुला गोड बोलून समजूत घालणार नाही, कारण मी पण अशीच एक सही केली आहे. आमचे हे रिटायर झाल्यावर एकदा दुपारी आम्ही दोघं पेपर पसरून मटार सोलत बसलो होतो आणि हे सहज म्हणाले की मला त्या नळ्याबिळ्या लावू नका हं, सुखानं जाऊ द्या. मी म्हटलं भरल्या घरात काय अभद्र बोलताय, आणि विषय बदलला, भाव काय मिळाला मटारचा असं काहीतरी विचारलं. चार वर्षांनी वेळ आली तेव्हा पॅसेजमध्ये कोणीतरी पेन हातात दिलं आणि मी सही केली. म्हणजे बघ, तू विचारलं नाहीस आणि मला तर न विचारता सांगितलं होतं, तरी दोघांनी तेच केलं. रात्री दोनला कोणी 'नाही केलं तर जातील' म्हटल्यावर हात 'नको' लिहायला उठत नाही. तुला त्या क्षणी बाप हवा होता, एवढंच होतं त्यात. हे मला स्वतःला पटायला खूप वर्षं लागली, तुला दोन महिन्यांत पटेल अशी अपेक्षा नाही.

विचारायला हवं होतं, हे मात्र खरंय. ते मी नाकारणार नाही कारण तूही नाकारत नाहीयेस. आणि ते अजून संपलेलं नाही, कारण आई आहे. तिला विचार, पण लगेच नको, वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे. तुझ्या बीटमुळे तुला माहीतच असेल, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, २०१८ च्या निकालात पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटसमोर सही वगैरे, ती जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर कागद होतो. आणि कागद नसला तरी घरचे आणि डॉक्टरांची दोन मंडळं मिळून ठरवू शकतात. पण कागद राहू दे नंतरचा, आधी बोलणं तर होऊ दे. मटार सोलताना विषय निघाला तर मी बदलला तसा बदलू नकोस.

आता छापायचं की नाही.

बहिणीचं ऐक. ती हट्टी आहे म्हणून नाही, तिचा हक्क आहे म्हणून. पत्रातच तू लिहिलंयस की घरी आजारी होते तेव्हाचं सगळं तिनं केलं, अंग पुसणं, दाढी, संडासचं भांडं. जिनं बापाला एवढं झाकलं तिला तो पट्टीनं बांधलेल्या हातांसकट रविवारी सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांच्या दारात पडलेला कसा बघवेल? तुझा संपादक चुकीचं सांगत नाहीये, लोकांना उपयोग होईलही, पण त्यासाठी बांधलेल्या हातांचं वर्णन लागत नाही. लिव्हिंग विलवर लिही, स्वतःच्या चुकीबद्दल लिही, ती तुझी आहे, तिच्यावर तुझा अधिकार आहे. बाबांचं शरीर तुझं एकट्याचं नव्हतं. छापायला द्यायच्या आधी आईला आणि बहिणीला मोठ्यानं वाचून दाखव, समोर बसून, व्हॉट्सॅपवर फाईल टाकून नाही. वाचताना जिथे तुझा आवाज अडेल आणि आईची मान खाली जाईल तो पॅरा काढ, काही विचारू नकोस, नुसता काढ.

पण खरं सांगू, मला ते १८०० शब्द वाचून वेगळंच काहीतरी वाटलं. सगळे नऊ दिवसांचे आहेत. सॅच्युरेशन किती, कुठला डॉक्टर काय म्हणाला, लिफ्टपाशी कोण रडत होतं. माणूस ७४ वर्षं जगला आणि त्यातली मिलची वर्षं एका वाक्यात, 'बाबा मिलमध्ये होते'. कुठल्या खात्यात होते? कोणत्या पाळीला जायचे? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या मिलमधले अडीच लाख कामगार संपावर बाहेर पडले त्यात ते होते, घरात तू पोटात किंवा नुकता जन्मलेला, तेव्हा घर कशावर चाललं? संपानंतर ते परत आत गेले का? तुला माहीत नाहीये ना? दुसऱ्या कोणाच्या बापाबद्दल लिहिताना तू हे विचारल्याशिवाय घरी गेला नसतास.

आणि आईनं तर तुला सांगितलं की रे. 'सोमवारी त्यांना फार व्हायचं.' तू ते पत्रात सहज लिहून पुढे गेलास, मी तिथेच थांबले. माझं माहेर लालबागचं आहे, मिलवाल्यांच्या शेजारात मोठी झाले. कार्डिंग आणि ब्लो रूममध्ये, म्हणजे कापूस साफ करायच्या-पिंजायच्या खात्यांत, कापसाचा बारीक कण हवेत भरलेला असायचा, रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून यायची, दम लागायचा, मंगळवार-बुधवारी जरा बरं वाटायचं. बिसिनोसिस म्हणतात त्याला, हेल्थ बीटवर तुझ्या कानावरून गेलंच असेल. पुढे पुढे मग ते आठवडाभर राहायला लागतं आणि फुप्फुस कायमचं जातं. मी डॉक्टर नाही, बाबांना तेच होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. सर्टिफिकेटवर सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, तू लिहिलंयस की ते विडीसुद्धा ओढायचे नाहीत, एवढंच मी शेजारी शेजारी ठेवतेय. एका बाईनं कित्येक सोमवार नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवत काढले आणि दहाव्याला ते तिच्या तोंडून निघालं, तेव्हा तू भटजींचे पैसे देत होतास. तुझी काही चूक नाही त्यात, त्या दिवशी कोणाचं लक्ष ठिकाणावर असतं.

तुझ्या छातीचं म्हणशील तर या आठवड्यात ईसीजी काढून घे, रात्री अंधारात स्वतःची नाडी मोजत बसू नकोस. बायकोला सांग की झोप लागत नाही. तिला दिसतंच असेल, पण तू सांगितलंस तर ती विचारू शकेल. आणि दोन-तीन महिन्यांनी पण झोप आली नाही तर एखाद्या समुपदेशकाकडे जा, लाजू नकोस. इतक्या वर्षांत तू दुसऱ्यांची किती मरणं लिहिलीस, ती सगळी कुठे ठेवलीस असं मला विचारावंसं वाटतं, पण ते पुढच्या पत्रात सांग.

संपादकांना म्हणावं या महिन्यात नाही जमत. पुरवणी काय, दर रविवारी निघते.

आणि तुझी विकली ऑफ सोमवारी असते म्हणालास ना. मग या सोमवारी सकाळची लोकल पकड, करी रोडला उतर आणि चालत काळाचौकीला जा. रेकॉर्डर नको, वही पण नको. आई चहा करायला उठेल, तिला करू दे, तू मध्ये मध्ये करू नकोस. मग तिच्या शेजारी बस आणि विचार, आई, सोमवारी काय व्हायचं गं बाबांना?