कोल्ड एअर इनटेक बसवावा का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक चार वर्षांची आहे. ताकद वाढेल म्हणून गॅरेजवाले कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारी वेगळी नळी व फिल्टर) बसवायला सुचवतात. हा खर्च करावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आमच्या मते करू नये. थंड हवा दाट असते आणि तिच्यात प्राणवायू अधिक असतो, हे खरेच आहे. तापमान साधारण ३ अंश सेल्सिअसने उतरले की घनता सुमारे १ टक्का वाढते. परंतु आजच्या बहुतेक गाड्यांची मूळ नळी पुढच्या जाळीमागून बाहेरचीच हवा घेते, त्यामुळे मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. उलट बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो आणि वाढलेल्या आवाजामुळे ताकद वाढल्याचा भास होतो. खरी काळजी पावसाळ्याची आहे : फिल्टर बंपरमध्ये खाली उतरवलेला असेल, तर साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरू शकते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. हा धोका पत्करण्याइतका लाभ यात नाही. त्यापेक्षा मूळ एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा; घड्यांत धूळ दाटलेली दिसल्यास तो बदलावा.