लोगोभोवतीची काळी कड

प्रश्न : थ्रीडीमधून रेंडर केलेला (चित्र म्हणून तयार करून घेतलेला) लोगो आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या बॅकग्राउंडवर ठेवला की कडेला बारीक काळी रेघ दिसते. मॅट (कुठला भाग दिसेल ते ठरवणारा मुखवटा) आत ओढूनही ती पूर्ण जात नाही. काय करू?

उत्तर : मॅटला हात लावू नका, लोगोची नाजूक टोकं हकनाक झिजतात. तुमची फाइल बहुधा प्रीमल्टिप्लाइड आहे. म्हणजे अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये काळा रंग आधीच मिसळलेला, आणि सॉफ्टवेअर तिला स्ट्रेट, म्हणजे असा रंग न मिसळलेली, समजतंय. प्रोजेक्ट पॅनलमध्ये फाइल निवडून इंटरप्रिट फुटेज उघडा, अल्फा (पारदर्शकतेची माहिती) प्रीमल्टिप्लाइड करा, रंग काळा ठेवा. मग ४०० टक्के झूम करून कड बघा. मी तर प्रत्येक रेंडर आल्या आल्या पांढऱ्यावर आणि भडक लाल रंगावर ठेवून बघतेच; काळ्यावर ही खोट लपून राहते. ग्लो (लोगोभोवतीची चमक) असेल तर तिथे खास लक्ष द्या.