रंगप्रश्न : फिनलंडचं नाटक बेळगावात करायचं तर

प्रश्न : आमचा बारा जणांचा हौशी संघ आहे. यंदा फिनलंडचं आजचं एखादं नाटक मराठीत करावं असं चाललंय. इथल्या प्रेक्षकाला त्या नाटकाची ओळखच नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आधी अभिवाचन करा. नेपथ्य, कपडे, तारीख हे सगळं नंतर.

फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न-छप्पन लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्यात पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या वर माणसं होती, त्यावरून अंदाज येईल. पण तिकडे मोठ्या गावांना नगरपालिकेचं नाट्यगृह असतं, त्यात पगारी नटसंच असतो, आणि उन्हाळ्यात उघड्यावरच्या हौशी नाटकांचा हंगाम चालतो तो वेगळाच. टाम्पेरे शहरात तळ्याकाठी एक उन्हाळी नाट्यगृह आहे. तिथे १९५९पासून रंगमंच जागच्या जागी राहतो आणि प्रेक्षकांची अख्खी बैठक फिरते. पगारी संच असल्यामुळे पंधरा-वीस पात्रांची नाटकं तिकडे सहज लिहिली जातात. परदेशी जातात ती मात्र बहुतेक लहान संचाची. म्हणून यादी चाळताना पहिल्यांदा पात्रसंख्येचा रकाना बघा, कथासार मागाहून.

तुमच्या संघाला झेपतील अशी तीन नावं. युहा योकेला यांचं ‘फंडामेंटलिस्ट’: दोनच पात्रं, एक पाद्री आणि कट्टर पंथात गेलेली एक बाई. मिका म्यूल्यूआहो यांचं ‘पॅनिक’ तीन पुरुषांचं, आणि त्याच मालिकेतलं ‘केऑस’ तीन बायकांचं. संघात बायका जास्त असतील तर सरळ ‘केऑस’ घ्या. सोफी ओक्सानेन यांचं ‘पर्ज’ हेलसिंकीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात २००७ साली आलं. लेखिकेनं त्याची कादंबरी केली ती त्यानंतर, २००८मध्ये. ते जबरदस्त आहे, पण घडतं शेजारच्या एस्टोनियात. सोविएत काळाची माहिती नसलेला प्रेक्षक पहिली वीस मिनिटं चाचपडतो, शिवाय त्यात लैंगिक अत्याचार आहे. पहिल्या ओळखीला ते घेऊ नका.

अभिवाचन असं करा. पाच-सहा खुर्च्या, प्रत्येकापुढे संहितेचा स्टँड, आणि रंगसूचना वाचायला एक स्वतंत्र माणूस. हा माणूस सगळ्यांत चांगला वाचणारा असावा, कारण जागा, थंडी, उजेड सगळं त्याच्या आवाजातून उभं राहतं. नाटक काटून साठ-सत्तर मिनिटांचं करा, किमान चार तालमी घ्या. चाळीस-पन्नास खुर्च्यांची वाचनालयाची खोली पुरे. मोठं रंगमंदिर घेतलंत तर रिकाम्या रांगा बघून वाचणाऱ्याचाच आवाज बसतो. शेवटी ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणून चहाकडे वळतात. ‘कुठे कळेनासं झालं?’ असं विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. प्रयोगाच्या संहितेतल्या दुरुस्त्या या कागदावरून होतील.

जाहिरातीत ‘फिनलंडचं नाटक’ ही अक्षरं बारीक ठेवा. घरातल्या माणसाचा विश्वास दुसऱ्याच देवावर बसला तर काय, असा नाटकातला पेच मोठ्या अक्षरांत द्या. देश बघायला फार कुणी येत नाही.

प्रश्न : मी इंग्रजी भाषांतरावरून मराठी करतो आहे. मूळ फिनिश कळत नाही. इंग्रजीत अर्थ स्पष्ट आहे, तरी मराठी संवाद बेगडी वाटतात. कुठे चुकत असेल?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : इंग्रजीत जे गळून गेलंय ते तुम्हाला दिसतच नाही, बहुधा तिथेच. गंमत अशी की गळलेल्यातलं बरंचसं मराठीत जसंच्या तसं आहे.

नात्यांपासून बघा. इंग्रजीत सगळे ‘अंकल’. फिनिशमध्ये आईचा भाऊ ‘एनो’ आणि बापाचा भाऊ ‘सेता’, म्हणजे आपले मामा आणि काका. इंग्रजी ‘सिस्टर-इन-लॉ’मागे जुन्या फिनिशमध्ये ‘नातो’ असू शकते, म्हणजे चक्क नणंद. ‘क्यूतू’ म्हणजे दीर. शेतावरच्या घराचं जुनं नाटक असेल तर वाटणीचं भांडण मामाशी आहे की काकाशी, यावर सगळा प्रवेश उभा असतो. म्हणून संहितेतल्या प्रत्येक नात्यावर खूण करा आणि मूळ शब्द लेखकाला किंवा त्यांच्या प्रतिनिधीला पत्रानं विचारा. दहा-पंधरा शब्दांची यादी असते, लोक आनंदानं उत्तर देतात. फक्त ‘ताती’ हा शब्द आत्या आणि मावशी दोघींनाही चालतो. तिथे नातं कोणत्या बाजूचं तेही विचारून घ्या.

दुसरी अडचण उलटी आहे. फिनिशमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ला मिळून एकच शब्द, ‘हॅन्’. क्रियापदालाही लिंग नाही. लेखकानं मुद्दाम एखादं पात्र पुरुष की बाई हे झाकून ठेवलं असेल, तर इंग्रजी भाषांतरकारानं कुठेतरी निवड केलेली असते आणि तुम्ही ती नकळत उचलता. मराठीत ‘आला’ म्हटलं की गुपित फुटलंच. कन्नडमध्ये ‘अवरु बंदरु’ म्हणून निभावतं. आपल्याकडे आदरार्थीसुद्धा ‘ते आले’, ‘त्या आल्या’ अशी फोड होते. तरी वाटा आहेत :

‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ ही रूपं दोघांनाही चालतात. कर्ता गाळून ‘पत्र लिहिलं’, ‘दार लावलं’ म्हणता येतं, कारण तिथे क्रियापद पत्राच्या आणि दाराच्या मागे जातं. भविष्यकाळात ‘येईल’, ‘सांगेल’ यांनाही लिंग नाही. आणि एक वाट खास आपल्या पट्ट्यातली : कोल्हापूरपासून इकडे बोलीत बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असं सर्रास म्हणतात. पात्राला ही बोली दिलीत तर प्रथमपुरुषातलं गुपित आपोआप टिकतं. पुण्याच्या परीक्षकाला ती चूक वाटेल. सूचनापत्रिकेत एक ओळ घाला.

तिसरी गोष्ट ‘तू’ आणि ‘तुम्ही’. फिनिशमध्ये ‘सिना’ आणि ‘ते’ असे दोन शब्द आहेत, पण आजच्या बोलण्यात जवळजवळ सगळेच एकमेकांना ‘सिना’, म्हणजे ‘तू’ म्हणतात, साहेबालासुद्धा. ते तसंच उतरवलंत तर आपला प्रेक्षक त्याला उर्मटपणा समजेल आणि भांडण कुठे सुरू झालं हे त्याला कळणार नाही. पहिल्या तालमीआधी एक तक्ता करा : उभे-आडवे पात्रांची नावं, प्रत्येक चौकोनात तू, तुम्ही की अहो-जाहो. कोणत्या पानावर ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं, तेही तिथेच लिहा. हा तक्ता नसला की नट ज्याला जसं सुचेल तसं बोलतात आणि तिसऱ्या प्रयोगाला सगळी नाती हललेली असतात.

वाक्याच्या लांबीची धास्ती नको. ‘तालोस्सानिकिन’ या एका फिनिश शब्दात घर, त्याच्या आत, माझ्या आणि सुद्धा हे सगळं येतं. इंग्रजीला चार शब्द लागतात. आपण ‘माझ्या घरातसुद्धा’ म्हणून मोकळे. संवाद लांबलाय असं वाटलं तर प्रत्यय वापरून आवळा.

प्रश्न : नाटकाचं इंग्रजी पुस्तक विकत घेतलं आहे. प्रयोग तिकीट न लावता करणार. तरी परवानगी लागते का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : लागते, आणि दोन. एक नाटककाराची, एक इंग्रजी भाषांतरकाराची, कारण तुम्ही त्याच्या कामावरून मराठी करणार आहात. तो हक्क वेगळा असतो. पुस्तकाची किंमत ही वाचण्याची किंमत. तिकीट नसलं म्हणजे मानधन कमी होईल किंवा माफ होईल, भाषांतराची परवानगी माफ होत नाही.

हक्क कोणाकडे आहेत हे शोधायला हेलसिंकीतली ‘टिन्फो’ ही संस्था आहे. फिनलंडचं रंगभूमीविषयक माहितीकेंद्र म्हणून ती परदेशी संघांना नाटकं आणि भाषांतरं सुचवते. भाषांतराला मदत मिळू शकते का हेही त्यांनाच विचारा, पण अटी त्या-त्या वर्षाच्या बघा.

पत्रात एवढं हवं : कोणत्या भाषांतरावरून करणार, मराठीत करणार हे, प्रयोग किती, कोणत्या गावी, खुर्च्या किती, तिकीट किती, चित्रीकरण करणार का. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि मग कुणीतरी मोबाइलवर अख्खं नाटक टाकतं. मानधन साधारणपणे तिकीटविक्रीचा टक्का आणि त्याखाली एक किमान रक्कम असं ठरतं. परदेशी पैसे पाठवताना कर कापावा लागतो, तेव्हा सीएला आधीच गाठा. हद्द ओलांडून गडहिंग्लज-कोल्हापूरला प्रयोग न्यायचा असेल तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागेल.

आणि पत्र मे महिन्यात पाठवा. गणपतीच्या आधी आपली धावपळ जुलैत सुरू होते, नेमकी तेव्हा फिनलंडमधली कार्यालयं सुट्टीवर रिकामी असतात.

हक्कांची भानगडच नको असेल तर मिन्ना कांत यांचं १८९५ सालचं ‘आन्ना लीसा’ घ्या. लेखिका १८९७मध्ये वारल्या, मूळ नाटक सर्वांना मोकळं आहे. पण हातातलं इंग्रजी भाषांतर अलीकडचं असेल तर भाषांतरकाराची परवानगी आलीच.

प्रश्न : आमच्या दिग्दर्शकांचं म्हणणं, साउना (वाफेची न्हाणी), बर्फ वगैरे काढून नाटक आपल्याकडच्या शेतमळ्यावर आणावं. मला ते पटत नाही.
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : तुमच्या बाजूनं आमचं मत, एका अटीवर. पूर्ण रूपांतराला बहुतेक करारांत वेगळी संमती लागते, आणि मळ्यावर आणलं की नाटकातले सांधे सुटतात. ‘फंडामेंटलिस्ट’चंच बघा. त्यातला पाद्री लूथरन या प्रोटेस्टंट पंथाचा. कॅम्पातली आणि गोव्याची चर्च बघितलेला आपला प्रेक्षक पाद्री म्हटलं की ब्रह्मचारी ‘फादर’ समजतो. फिनलंडच्या लूथरन चर्चमध्ये पाद्री लग्न करतात, १९८८पासून बायकाही पाद्री होतात. त्याला कीर्तनकार केलंत तर सगळा वाद खोटा पडेल. त्यापेक्षा पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या बायकोचा उल्लेख ठळक होईल असं वाक्य शोधा, नसेल तर लेखकाला विचारून घाला.

अट अशी की तिकडच्या गोष्टी दाखवायच्या तर नीट दाखवा. प्रकाशयोजनेत नेहमी होणारी चूक : संहितेत ‘रात्र’ दिसली की दिव्यापुढे निळा जिलेटीनचा कागद. युहान्नुस, म्हणजे जूनअखेरचा मध्य-उन्हाळ्याचा सण, त्या दिवशी हेलसिंकीत सूर्य मावळतो तो रात्री पावणेअकराच्या सुमारास, आणि नंतरही नीट अंधार होत नाही. तिथे फिकट, आडवा, सावल्या लांब करणारा उजेड हवा. उलट उत्तरेकडे उत्स्योकीला डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. तिथल्या ‘सकाळ’ला स्वयंपाकघरातला दिवा लावूनच प्रवेश करा.

साउनात घरची माणसं एकत्र उघड्यानं बसतात, त्यात त्यांना काही वाटत नाही. आपल्याकडे टॉवेल दिसला की मागच्या रांगेत खसखस पिकते आणि प्रवेश गेला. दोन लाकडी पायऱ्या ठेवा, नट पाठमोरे बसवा, आणि तापल्या दगडावर पाणी पडल्याचा ‘चर्र’ आवाज. त्या वाफेला ते ‘ल्योयल्यू’ म्हणतात. धुराचं यंत्र लावू नका, नटांना ठसका लागतो.

आता शांतता. या नाटकांत ‘थांबा’ अशी सूचना वारंवार येते, कधी चार-पाच सेकंदांची. आपले नट तिथे हात चोळतात, खाकरतात, नाहीतर पुढचं वाक्य टाकून मोकळे होतात. त्याहून वाईट म्हणजे विंगेतला प्रॉम्प्टर. नट विसरला असं समजून तो पुढचं वाक्य पुरवतो, आणि ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. प्रॉम्प्टरच्या प्रतीत प्रत्येक थांब्यापुढे लाल शाईनं आकडा लिहा, एवढे सेकंद तोंड बंद.

प्रश्न : आमच्याकडे कन्नड भाषक प्रेक्षकही येतात. वर पडद्यावर कन्नड पाट्या दाखवता येतील का? आणि फिनिश नावं कशी उच्चारायची?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पाट्या जरूर दाखवा. फिनलंडमध्ये फिनिश आणि स्वीडिश दोन्ही राष्ट्रभाषा आहेत, स्वीडिश बोलणारे पाचेक टक्केच, तरी हेलसिंकीत स्वीडिश नाटकाचं स्वतंत्र थिएटर आहे आणि तिथे पाट्यांची सवय आहे. एका पाटीवर दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं. दीड तासाच्या बोलक्या नाटकाला सहज सातशे पाट्या होतात, तेव्हा भाषांतर प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी पुरं हवं आणि त्यानंतर संवाद बदलायला बंदी. पाटी आपोआप सोडू नका. मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा माणूस बटणावर बसवा आणि शेवटच्या चार तालमींना त्याला बोलवा. विनोदाची पाटी नटाच्या तोंडून शब्द निघताना पडावी. आधी पडली की निम्मी बैठक आधीच हसते आणि नट गोंधळतो. थांब्याच्या जागी कोरी पाटी ठेवा.

उच्चार सोपे आहेत : जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, ‘जे’चा उच्चार ‘य’, आणि ‘वाय’ आला की ओठ गोल करून ‘ई’ म्हणायचं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर पाळा. ‘तुली’ म्हणजे आग, ‘तुल्ली’ म्हणजे जकात, ‘तूली’ म्हणजे वारा. मूळ भाषेतलं एखादं वाक्य नाटकात ठेवणार असाल तर ‘तपान सिनुत’ म्हणजे ‘तुला भेटेन’ आणि ‘तपन सिनुत’ म्हणजे ‘तुला ठार मारीन’, एवढं नटाकडून घोटून घ्या.