जुनी ब्रिटिश आलिशान गाडी (जग्वार, रोव्हर वगैरे) नीट जपलेली हवी आहे. विदर्भात कुठे शोधू, किती पैसे लागतील आणि घेताना काय पाहू?

आधी त्या गाडीचा ड्रायव्हर कोण होता ते विचारा. तो हयात नसेल तर त्याचं घर शोधा, त्याच्या मुलाशी बोला. मालकाच्या वाड्यावर त्यानंतर जा आणि दलालाकडे तर जाऊच नका.

माझे वडील अशाच एका गाडीचे ड्रायव्हर होते. मूर्तिजापूरकडच्या एका जिनवाल्या (कापसातून सरकी काढायचा कारखाना असलेल्या) शेटजींची 1953 ची जग्वार मार्क सेव्हन. कापसाचा पैसा वऱ्हाडात खेळत होता त्या काळातली ही गाडी. पन्नाशीच्या दशकात परदेशी गाड्यांची आयात आवळली गेली. त्यामुळे आपल्याकडे सापडतात त्या बहुतेक त्याआधी आलेल्या, नाहीतर मागाहून वकिलातींच्या वापरातून सुटलेल्या.

या गाडीला 3.4 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. आणि आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ते रेडिएटरमध्ये गेलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून कुरतडलं जातं, पाण्याच्या वाटा रुंद होत जातात आणि एक दिवस ब्लॉक आणि हेडच्या मधल्या गॅस्केटला टेकायला जागाच उरत नाही. वडील चौथी शिकलेले, पण हे त्यांना कळलं होतं. पहिले एकदोन पाऊस ते पत्रे धुऊन जाऊ द्यायचे, मग पन्हाळीखाली लोखंडी पिंप लावायचे. ते पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून दुसऱ्या पिंपात, वर झाकण, झाकणावर दगड. रेडिएटरला वर्षभर तेच. आई चिडायची, "लेकराइले प्यायले खारं पानी, अन् गाडीले गोड." तरी त्या पिंपाला घरात कोणी हात लावला नाही.

त्यांची एक वहीही होती. पाणी कधी बदललं, ऑइल कधी बदललं, ठिणगीचे पॉइंट कधी घासले, सगळं त्यात. याच मॉडेलनं 1956 ची माँटे कार्लो रॅली जिंकली हे शेटजी प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पावसाच्या पाण्याचं कोणी कोणाला सांगितलं नाही.

शेटजी गेले, मुलं शहरात गेली, गाडी टिनाच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. विकायचं ठरलं तेव्हा माझे भाऊजी मध्ये पडले. ते जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. त्यांचं म्हणणं, आधी रंग मारू, सीटा नव्या करू, मग गिऱ्हाईक आणू. मी वही दाखवली तर म्हणाले, "बाप्पा, ड्रायव्हरच्या वहीले कोन इचारते? लोक रंग पाहून पैसे देऊन राहिले." त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मी शेटजींच्या मुलाला सरळ फोन केला आणि नागपूरचे एक डॉक्टर घेऊन आलो. बोनेटवरचा मूळ रंग घासून खालचा प्रायमर दिसत होता, सीटांचं चामडं उन्हानं तडकलेलं. डॉक्टरांनी तशीच घेतली. उभ्या गाडीचं गॅस्केट वाळलं होतं म्हणून मेकॅनिकनं हेड उतरवलं. पाण्याच्या वाटांच्या कडा शाबूत होत्या, बोट फिरवलं तर कुठे खड्डा लागला नाही. डॉक्टरांनी वही मागितली. झेरॉक्स त्यांच्याकडे आहे, मूळ वही माझ्याकडे. ती गाडी अमक्या घराण्यानं जपली असं अजून लोक म्हणतात. घराण्यानं ती विकत घेतली होती. जपली माझ्या वडिलांनी.

आता पाहायचं काय. खिशात लोहचुंबक ठेवा, वर कापड गुंडाळा. दाराचा खालचा भाग, दाराखालची पट्टी आणि चाकावरची कमान इथे तो चिकटला नाही तर आत पुट्टी आहे (रोव्हरच्या काही जुन्या मॉडेलांची दारं अ‍ॅल्युमिनियमचीच असतात, ती सोडून). भाऊजींनी नंतर एक रोव्हर रंगवून विकली, तिची दाराखालची पट्टी पूर्ण पुट्टीची होती. मार्क सेव्हनला पेट्रोलच्या दोन टाक्या असतात, मागच्या दोन्ही मडगार्डांत एकेक. दोन्ही आतून पाहा. इंजिन नंबर ब्लॉकवर आणि हेडवर कोरलेला असतो, तो एकच पाहिजे आणि गाडीवरच्या कंपनीच्या पाटीशी जुळला पाहिजे. शेवटी 7 किंवा 8 येतो तो कम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल-हवा किती पट दाबली जाते ते. इंजिन पूर्ण तापल्यावर 3000 आरपीएमला ऑइल प्रेशर 40 पौंडांच्या आसपास हवं. 1973 नंतर पेट्रोल महागलं तेव्हा कितीतरी मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. तशी गाडी कितीही चकाकत असली तरी घेऊ नका.

विदर्भाची हवा पत्र्याला चांगली, समुद्राकाठासारखा गंज लागत नाही. पण उंदीर वायरी खातात, आणि बॉडीला लाकडी सांगाडा असलेली, मार्क सेव्हनच्या आधीच्या काळातली गाडी असेल तर उधई (वाळवी) आतून पोकळ करते. टिचकी मारून ऐका.

कागद नीट वाचा. 1956 पर्यंत अकोला, अमरावती मध्य प्रदेशात होते, त्यामुळे मूळ नोंदणी त्या राज्याची असते. नंतर कधी फेरनोंदणी झाली असेल तर तीच तारीख पहिली म्हणून चढलेली सापडते. व्हिंटेज गाड्यांच्या 2021 च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं मोजतात, म्हणून जुना कागद हातात हवाच. व्हिंटेज म्हणून नव्यानं नोंदणी केली तर फी 20,000 रुपये आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात.

कुठे शोधायची याला माझं उत्तर इतकंच, अकोट, खामगाव, हिंगणघाट, वणी इथल्या जुन्या जिनांमध्ये आणि पूर्व विदर्भातल्या मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) गावांत जाऊन बसा. किमतीचा आकडा मी देणार नाही. आकडा ऐकला की दलाल तोच धरून बसतात.

दोन गोष्टी राहिल्या. मूळ रंग, मूळ रंग मी करतो, पण चेसिसच कुजली असेल तर रंगाला काही अर्थ नाही, सोडून द्या. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला जुने रबरी पाइप टिकत नाहीत. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे बदलून घ्या. या गाडीला असतात त्या एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचे भाग अजून नवे बनतात, त्याची काळजी नको. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती, पेट्रोलपुरतीच रस्त्यावर काढता येते. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.