दंडाची लोंबणारी त्वचा काढायची शस्त्रक्रिया कोल्हापुरात पुण्या-मुंबईपेक्षा स्वस्त पडते का?

बऱ्याचदा पडते. मोठ्या शहरात थिएटरचं आणि खोलीचं भाडं, भूलतज्ज्ञांची फी, सगळंच चढं असतं. पण भुलीची औषधं, टाक्यांचे धागे, प्रेशर गारमेंट (शस्त्रक्रियेनंतर दंडावर घालायचा घट्ट कपडा) यांचे दर सगळीकडे जवळपास सारखेच, आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटी इथंही लागतो. म्हणून निम्म्यात होईल असं धरू नका.

खरा फरक फेऱ्यांचा. पुणे इथून सुमारे 230 किलोमीटर. टाके दाखवायला पुन्हा पुन्हा जायचं, तेही दंड ठणकत असताना, सोबत घरचं कुणीतरी घेऊन. हे कोटेशनमध्ये नसतं. मी आधी इथलाच प्लास्टिक सर्जन बघेन, प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना हे विचारूनच.