इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरांना जुन्या, गंजलेल्या लोखंडाचे रूप कसे द्यावे?

गंजाचे तयार छायाचित्र अक्षरांत बसवले तरी ती लोखंडाची न वाटता रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखी दिसतात, आणि सगळे काम व्हेक्टरमध्येच (म्हणजे कितीही मोठे केले तरी न फाटणाऱ्या रेषा-आकारांत) ठेवून हे कसे सुधारावे, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच गोष्टीवरून वडोदऱ्यात रावपुऱ्यातील आमच्या छपाईच्या दुकानात माझा आणि माझ्या भागीदाराचा जो वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

एका गणेशोत्सव मंडळाने डभोईच्या नॅरोगेज गाडीचा देखावा योजला होता. गायकवाडांच्या राज्यात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत असत आणि इंजिने नंतर आली, ही हकिगत मंडळाला दाखवायची होती. देखाव्याच्या मागे उठावाच्या अक्षरांची, बिडात ओतलेली वाटावी अशी १० फूट रुंदीची जुनी पाटी हवी होती, आणि तिच्यावर ‘डभोई’ हे नाव मराठीत व गुजरातीत असावे, असे ठरले. छपाई अर्थातच फ्लेक्सवर होणार होती.

माझे भागीदार माझ्याहून वयाने मोठे असल्यामुळे मी त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंचे म्हणणे असे की, गंजाचे एक चांगले टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचे छायाचित्र घ्यावे, कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये पॉवरक्लिप करावे, म्हणजे ते अक्षरांच्या आकारात बसवावे आणि मोकळे व्हावे. त्यांनी ते अर्ध्या तासात केलेही. छायाचित्र रुंदीला पुरेना, म्हणून ते आडवे फिरवले आणि तरीही जागा उरली तेव्हा त्याचाच तुकडा पुन्हा जोडला. मी हरकत घेतली, पण २० फुटांवरून कोण तपासायला येणार, या एका वाक्यावर ती निकालात निघाली.

तपासायला आले ते मंडळाच्याच कार्यकारिणीतील, प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर. फ्लेक्स दुकानाच्या फरशीवर पसरला होता. त्यांनी चष्मा लावला, वाकून एका ओघळावरून बोट फिरवले आणि अगदी शांतपणे विचारले, “ही पाटी आडवी पडून गंजली होती का? पाणी सगळे डावीकडे गेलेले दिसते.” मग त्यांनी ‘ड’च्या पोटातील तिकोनी डाग दाखवला आणि तोच डाग ‘ई’च्या पोटातही दाखवला. तो फ्लेक्स आमच्या पदरात पडला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी मी आमच्याच शटरवरची जुनी लोखंडी पाटी पंधरा मिनिटे नुसती पाहत उभा राहिलो. बोल्टच्या डोक्याभोवती गंज काळपट तपकिरी होता, जरा बाहेर तो नारिंगी झाला होता आणि तिथून एक ओघळ निमुळता होत खाली उतरला होता. कडेला रंगाचे पापुद्रे उचलले गेले होते, कारण जेवढे लोखंड खर्ची पडते त्यापेक्षा त्याचा गंज जास्त जागा घेतो आणि वरचा रंग आतून ढकलला जातो. पाटीच्या मधोमध, जिथे पाणी थांबत नव्हते तिथे, रंग उन्हाने फिका पडला होता इतकेच. गंजाला पाण्याचा रस्ता असतो. आपल्या अक्षरांत हा रस्ताच आखलेला नाही, आणि म्हणून ती कागदी वाटतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. देवनागरीत पहिली अडचण शिरोरेषेची असते. प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेवर किंचित चढलेली असल्यामुळे तसेच काम पुढे नेले, तर कडा उजळताना प्रत्येक सांध्यावर फट दिसते. यासाठी मजकुराची एक प्रत लपवलेल्या लेयरवर ठेवावी, दुसरीचे क्रिएट आउटलाइन्स करावे, म्हणजे अक्षरांचे आकार करून घ्यावेत, आणि पाथफाइंडरमधील युनाइटने सगळा शब्द एकसंध करावा. मग त्याची प्रत किंचित खाली सरकवून मायनस फ्रंट केले, म्हणजे पुढच्या आकाराने मागचा कापला, की वरच्या कडांच्या बारीक चिरा उरतात. त्यांना फिकट राखाडी रंग द्यावा. उलट दिशेने केले की खालच्या कडा मिळतात. त्यांना गडद तपकिरी द्यावा, काळा देऊ नये.

जुन्या रंगाचा थर वेगळ्या प्रतीवर घ्यावा आणि त्याला ओपॅसिटी मास्क लावावा, म्हणजे मास्कमध्ये जिथे काळे असेल तिथे तो थर दिसेनासा होतो. मास्कसाठी स्वतः काढलेल्या गंजाच्या छायाचित्राचे काळ्या-पांढऱ्यात इमेज ट्रेस करावे, म्हणजे त्याचे व्हेक्टर आकार करून घ्यावेत, नॉइजचा आकडा वाढवून बारीक ठिपके गाळावेत, मास्कच्या पर्यायांतील क्लिपची खूण काढावी आणि काळे तुकडे हाताने हलवून शिरोरेषेच्या वर व अक्षरांच्या कोपऱ्यांत न्यावेत. ट्रेस आहे तसा सोडून देणारे लोक हजारो नोड्सची (आकार घडवणाऱ्या बिंदूंची) फाइल छपाईवाल्याच्या माथी मारतात आणि मशीन अडकले की त्यालाच दोष देतात.

ओघळ मात्र पेन टूलनेच काढावेत, वरून गडद आणि खाली पूर्ण पारदर्शक होणारा ग्रेडियंट द्यावा आणि मिश्रणाचा प्रकार मल्टिप्लाय ठेवावा, म्हणजे खालचा रंग गडद होऊन दिसतो. ते शिरोरेषेच्या खालच्या कडेपासून, कान्यामात्रेच्या सांध्यापासून आणि बोल्टपासून निघावेत, बाकी कुठूनही नाही. त्याच पाटीवरच्या गुजराती ‘ડભોઈ’ला शिरोरेषा नसल्यामुळे पाणी साठायला ती पन्हळ मिळत नाही; तिथे मी गंज अक्षरांच्या वाटोळ्या पोटात ठेवला. एकाच फलकावर दोन लिप्या वेगवेगळ्या रीतीने गंजतात, हे भाऊंना मी अजून पटवू शकलेलो नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ग्रेन आणि ब्लर हे इफेक्ट व्हेक्टर नसतात, ठिपक्यांचे (रास्टर) असतात. ते वापरायचेच असतील तर डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्जमधील रिझोल्यूशन सुरुवातीलाच ठरवावे, कारण नंतर बदलले की त्यांचे रूपही बदलते. अक्षरे प्लॉटरवर (पात्याने कापणाऱ्या यंत्रावर) विनाइलच्या चिकटपट्टीत कापायची असतील तर यातले जवळजवळ काहीच उपयोगी पडणार नाही. आपण प्रश्नात नुसते ‘धातू’ असेही एके ठिकाणी लिहिले आहे. तांब्या-पितळेची अक्षरे असतील तर नारिंगी रंगाला हातही लावू नये, ती हिरवी पडतात. आणि जोडाक्षरे तुटत असतील तर परिच्छेदाच्या पर्यायांत दक्षिण आशियाई कंपोजर (आपल्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय) निवडल्याशिवाय आउटलाइन्स करू नयेत.

छायाचित्र वापरूच नये असे माझे म्हणणे नाही, घाईच्या कामात मीही वापरतो. पण निदान ते उभे ठेवावे. दुसरा फ्लेक्स मंडळाने एका शब्दाने न बोलता नेला. भाऊंनी त्या फाइलची प्रत ‘जुनी पाटी’ या नावाने स्वतःच्या संगणकावर ठेवली आहे, आणि गेल्या महिन्यात हमरस्त्यावरच्या एका ढाब्याच्या फलकावर माझेच दोन ओघळ, नव्वद अंशांत फिरवलेले, मला पुन्हा भेटले.