फाईल आपली, किल्ली कुणाची?

गेल्या अंकात लिहिलं होतं की रोज वापरता त्या प्रत्येक ॲपमधून आपला डेटा एकदा बाहेर काढून बघा, जमतंय का ते. त्यावर बरीच पत्रं आली, काही चिडून लिहिलेली पण आहेत आणि मला ते आवडलं, कारण या गोष्टीवर चिडायलाच हवं. त्यातली पाच इथे घेतेय.

प्रश्न : ताई, मी ग्राफिक डिझायनर आहे, घरूनच काम करते. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतलं की पाच-सहा वर्षं बघायला लागायचं नाही. आता सगळं महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर. मध्ये तीन महिने काम नव्हतं म्हणून पैसे भरले नाहीत, तर माझ्याच जुन्या फाईली मला उघडता येईनात. ही सरळ लूट नाही का? की मीच जुन्या विचारांची?

उत्तर : जुन्या विचारांच्या अजिबात नाही. पण लूट हा शब्द मी सगळ्यालाच लावणार नाही, यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात.

फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर करून टाकलं की सीएस६ या आवृत्तीनंतर विकत मिळणारी आवृत्ती नाही, पुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउडच्या सबस्क्रिप्शनवर. लोक तेव्हा प्रचंड भडकले होते. पण आधीची पद्धत फार छान होती असंही मला वाटत नाही, कारण कंपनीला पैसे मिळायचे ते नवीन आवृत्ती खपली तरच, मग दर वेळी जाहिरातीत सांगायला काहीतरी नवं हवं म्हणून फीचर कोंबली जायची आणि आपल्याला रोज छळणारा बग मात्र तसाच पडून राहायचा, कारण बग काढला म्हणून कुणी पुन्हा खिशात हात घालत नाही. शिवाय खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलत राहते, सिक्युरिटीची भोकं बुजवावी लागतात, हे काम कधी संपतच नाही. त्याचे दर महिन्याला पैसे मागितले तर मला त्यात गैर वाटत नाही.

गैर आहे ते पुढचं. हत्यार भाड्याचं असेल तर भाडं थांबल्यावर ते परत जाणार, ठीक आहे, पण त्या हत्यारानं तुम्ही घडवलेली वस्तू पण सोबत कुलुपात गेली तर ते भाडं राहत नाही, ती अडवणूक झाली. आणि यातून मार्ग निघत नाही असं नाही. जेटब्रेन्स ही प्रोग्रामरांसाठी टूल्स बनवणारी कंपनी, तिनं २०१५ मध्ये असंच सबस्क्रिप्शन जाहीर केलं, प्रोग्रामर लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही आठवड्यांतच कंपनीनं योजना बदलली : सलग बारा महिने पैसे भरलेत की एक ठरावीक आवृत्ती कायमची तुमची, पुढे पैसे भरा नाहीतर नका भरू. कंपनी बुडाली नाही, लोकही पळाले नाहीत. बाकीच्यांना हे जमत नाही असं कुणी म्हटलं तर मी मानत नाही, त्यांना ते करायचं नसतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर काम हातावेगळं झालं की त्याच दिवशी एक प्रत पीडीएफमध्ये, एक एसव्हीजी किंवा टिफमध्ये, आणि वापरलेले फोटो, मजकूर सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये. लेयर आणि इफेक्ट यातलं बरंच त्यात टिकत नाही हे मला माहितीये, पण क्लायंट दोन वर्षांनी परत आला तर निदान हातात काहीतरी असेल. सबस्क्रिप्शन बंद करायच्या आधी हे करायचं, नंतर नाही. नंतर तुमच्या हातात काहीच नसतं, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

प्रश्न : ई-बुक ‘विकत’ घेतलं तर ते माझं असतं ना?

उत्तर : बहुतेक ठिकाणी नसतं, तुम्ही फक्त वाचायचा परवाना घेता. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं त्यांच्याकडून गेली. पैसे परत दिले, ज्यांनी पुस्तकात खुणा-टिपणं केली होती त्यांना वर थोडे जास्त दिले, हे मान्य करायला हवं. पण माझ्या टिपणांची किंमत दुसऱ्या कुणी परस्पर ठरवावी हे मला अजून पचत नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की नुसता परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय बटणावर ‘बाय’ लिहायचं नाही. सगळीकडे व्हायला हवा. तोवर जिथे डीआरएमचं, म्हणजे कॉपी रोखणारं, कुलूप नसलेली ईपब फाईल मिळते तिथून घ्या, आणि डाउनलोड करून ठेवा.

प्रश्न : ताई, आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. प्रॉडक्टमध्ये आम्ही एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, डेटाबेस वापरत होतो, तो बनवणाऱ्या कंपनीनं अचानक लायसन्स बदललं. आता टीममध्ये दोन तट पडलेत, जेवताना पण तोच वाद. एक गट म्हणतो कंपनीनं विश्वासघात केला. दुसरा म्हणतो मोठ्या क्लाउड कंपन्या फुकट घेऊन त्यावर अफाट कमावतात, मग बनवणाऱ्यांनी काय उपाशी मरायचं? तुम्ही कुठल्या बाजूला?

उत्तर : मी पहिल्या बाजूला आहे, पण दुसऱ्या गटाचं दुखणं खोटं नाही हे आधी सांगते.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलीये. डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीनं २०१८ मध्ये लायसन्स, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा याचे नियम, बदललं, सर्चचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकनं २०२१ मध्ये, सर्व्हर उभारायचं टूल टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पनं २०२३ मध्ये, रेडिस या डेटाबेसच्या कंपनीनं २०२४ मध्ये. कारणं थोडीफार सारखीच, की आम्ही राबतो आणि दुसरा तेच सर्व्हिस म्हणून विकून पैसे करतो. खरंय ते. पण ते लायसन्स निवडलं कुणी? अपाची किंवा बीएसडी लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की कुणीही घ्या, विका, आम्हाला विचारू नका. त्या मोकळेपणामुळेच तर जगभरच्या प्रोग्रामरांनी ते वापरलं, बग शोधून दिले, रात्री जागून पॅच, म्हणजे दुरुस्त्या, पाठवले, प्रश्नांना उत्तरं दिली, आणि सगळीकडे पसरल्यावर कंपनी म्हणते की आता नियम वेगळे. ज्यांनी फुकट मेहनत केली त्यांना विचारलं का? याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं, मला दुसरा शब्द सुचत नाही.

आता तुमच्या वादात कुणी बोलत नसेल असा एक मुद्दा. लायसन्स बघून डेटाबेस निवडता, ते पुरत नाही. कॉपीराइट कुणाकडे आहे ते बघा. कंपनी बाहेरच्यांचा कोड घेताना त्यांच्याकडून एका करारावर सही घेत असेल, की या कोडचं आम्ही पुढे काहीही करू शकतो, तर ती कंपनी उद्या लायसन्स बदलू शकते, आज कितीही गोड बोलू दे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हे जवळपास अशक्य आहे, कारण त्यात हजारो जणांचा कोड आहे आणि प्रत्येकाचा कॉपीराइट त्याच्याकडे किंवा तो जिथे नोकरी करतो त्या कंपनीकडे, सगळ्यांची संमती कुठून गोळा करणार? पोस्टग्रेस हा डेटाबेस एका कंपनीच्या मालकीचा नाही. एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस तर पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाच्याच कॉपीराइटशिवाय, आहे आणि २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा त्यांनी जाहीर करून ठेवलाय. मी निवडते तेव्हा फीचरच्या यादीआधी हे बघते.

आणि ओपन सोर्सचा खरा जोर कुठे आहे ते या भांडणांतच दिसलं. इलास्टिकमधून ओपनसर्च निघालं, टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून वाल्की, आणि वाल्की तर लायसन्स बदलल्यावर आठ-दहा दिवसांत, लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छताखाली. जुना कोड जुन्या लायसन्सखाली कायम मोकळाच राहतो, तो कुणाला परत ओढून घेता येत नाही. पुढे इलास्टिकनं २०२४ मध्ये आणि रेडिसनं २०२५ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सच्या दारात पाय ठेवला. लोकांकडे निघून जायची वाट होती म्हणूनच हे झालं असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा तुम्ही आधी बघा की तुमच्या डेटाबेसचा असा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून निघालेली वेगळी शाखा, निघालाय का, निघाला असेल तर एका टेस्ट सर्व्हरवर चालवून बघा, पूर्ण आठवडा द्या त्याला.

पण एवढ्यावर मी तुमच्या टीमला सोडणार नाही, कारण दुसऱ्या गटाचं म्हणणं उरतंच. जे सांभाळतात त्यांना कोण सांभाळतं? २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा कळलं की जगातल्या असंख्य वेबसाइटची सुरक्षा ज्या कोडवर उभी आहे त्याला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. दोन हजार! मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं ते तर आठवलं तरी अंगावर काटा येतो. कॉम्प्रेशनची छोटी लायब्ररी, वर्षानुवर्षं एकच माणूस सांभाळत होता, थकलेला होता, तब्येतीबद्दल त्यानं स्वतः लिहिलं होतं, आणि कुणीतरी खोट्या नावानं दोनेक वर्षं मदत करत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग आत मागचं दार, म्हणजे गुपचूप शिरायची चोरवाट, बसवलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. तो एक माणूस खोदत बसला म्हणून जग वाचलं, नाहीतर ते मागचं दार कुठल्या कुठे पोचलं असतं.

तुमच्या प्रॉडक्टमध्ये अशा किती लायब्ररी आहेत त्याची यादी काढा. त्यातल्या ज्या एक-दोन माणसांच्या जिवावर चालतात त्यांना दर महिन्याला काहीतरी पाठवा, पैसे नसतील तर बग रिपोर्ट नीट लिहा, डॉक्युमेंटेशन सुधारून द्या. विश्वासघात झाला म्हणून ओरडायचा हक्क आपल्याला आहेच, पण आपणही गेली कित्येक वर्षं काही न देता घेतोय, हेही त्या जेवणाच्या टेबलावर बोला.

प्रश्न : मी ऑनलाइन क्लास घेते. सगळे विद्यार्थी एकाच मोठ्या प्लॅटफॉर्मवरून येतात, पैसेही तिथूनच मिळतात. भाऊ म्हणतो स्वतःची वेबसाइट कर. मला ती कटकट नकोय. गरज आहे का ताई? आणि प्लॅटफॉर्म कमिशन कापतो ते निमूट मान्य करायचं का?

उत्तर : भाऊ बरोबर बोलतोय, फक्त त्यानं घाबरवू नये. प्लॅटफॉर्म सोडायची गरज नाही, तिथे माणसं आहेत, तुम्ही एकट्या एवढी माणसं जमवू शकणार नाही. पण मला एक सांगा, उद्या तुमचं अकाउंट बंद झालं तर तुमच्या विद्यार्थ्यांशी बोलायला तुमच्याकडे काय आहे? काहीच नसेल तर ते विद्यार्थी प्लॅटफॉर्मचे आहेत, तुमचे नाहीत.

रेडिट या चर्चेच्या वेबसाइटसाठी बाहेरच्या एका डेव्हलपरनं बनवलेलं अपोलो नावाचं एक ॲप होतं, लोकांचं फार लाडकं. २०२३ मध्ये रेडिटनं आपला डेटा वापरायचे दर लावले, त्या दरानं वर्षाला जवळपास दोन कोटी डॉलर होतील असा ॲप बनवणाऱ्याचा हिशोब होता, ३० जूनला त्यानं ॲप बंद केलं. त्याचं काम वाईट होतं का? नाही. त्याच वर्षी जानेवारीत ट्विटरनं बाहेरच्या कंपन्यांची ॲप एका झटक्यात तोडली होती. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधलं की असं होतं, आणि त्यासाठी प्लॅटफॉर्मवाला दुष्ट असावाच लागतो असं नाही, त्याचा धंदा बदलला एवढं पुरतं.

वेबसाइट एका पानाची चालेल. स्वतःच्या नावावर डोमेन घ्या, ओळखीच्या मुलाच्या नावावर नको, आणि विद्यार्थ्यांना विचारून त्यांचे ईमेल गोळा करायला लागा. ईमेल कुणा एकाच्या मालकीचा नाही, एक कंपनी आवडली नाही तर दुसरीकडे जाता येतं, यादी तीच राहते. प्लॅटफॉर्मच्या नियमात बसेल तेवढंच करा पण करा.

कमिशनबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. ॲपलनं २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हापासून ३० टक्के हा आकडा जणू निसर्गनियम असल्यासारखा सांगितला जातो, तो तसा नाही, २०२१ पासून छोट्या डेव्हलपरांना त्यांनीच १५ टक्के केला. म्हणजे आकडा हलतो. तो का हलला तर लोक बोलले, कोर्टात गेले, म्हणून. तेव्हा निमूट मान्य करू नका.

प्रश्न : तुम्ही सांगितलं म्हणून मी विद्यार्थ्यांची यादी सीएसव्हीमध्ये एक्सपोर्ट केली. एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी नावांच्या जागी नुसती विचित्र चिन्हं! सगळा डेटा गेला का?

उत्तर : नाही गेला, घाबरू नका. फाईल बहुतेक यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत), आहे आणि डबल क्लिक केल्यावर एक्सेल ती जुन्या एन्कोडिंगनं वाचतंय, म्हणून अक्षरांचा चुरा दिसतो, आतले बाइट जागेवर आहेत. यूटीएफ-८ १९९२ पासून आहे, तरी आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांनी अजून हे सोसायचं याचा मला खरंच राग येतो. आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, नावं नीट दिसली की जीव भांड्यात पडेल. मग एक्सेल रिकामं उघडा, डेटा मेनूत जाऊन टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून घ्यायचा पर्याय निवडा, फाईल दाखवा आणि एन्कोडिंगच्या यादीत यूटीएफ-८ निवडा. आता जी चिन्हांची फाईल उघडी आहे ती मात्र सेव्ह न करता बंद करा, सेव्ह केलीत तर ती चिन्हंच खरी होऊन बसतील, आणि मग पुन्हा एक्सपोर्ट करण्यावाचून इलाज नाही.